चौदा मोहोळं जाळली, त्यांची मजुरी आता कोण करणार? : आमच्या ग्रामपंचायतीस खुले पत्र

प्रति,
मा. सरपंचताई, उपसरपंच व सर्व सदस्य,
तसेच गावात कृषी सेवा केंद्र चालवणारे सर्व दुकानदार बंधू

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याच गावची. बुलढाणा जिल्ह्यातल्या या आपल्या गावात लग्न होऊन आले त्याला २१ वर्षं झाली. आमची साडेतीन एकर ओढ्यापलीकडं आहे. त्यातल्या २० गुंठ्यांत दर साली कांद्याचं बी धरतो, वाण एन-२-४-१. घर चालतं सोयाबीन-तुरीवर. पण पोरींच्या फिया, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, विहिरीवरची मोटार, हे सगळं त्या २० गुंठ्यांनी केलं आहे.

मागच्या साली तिथं १ क्विंटल ४० किलो बी झालं. यंदाचं परवा उफणून, चाळून मापाला लावलं तर ५२ किलो. बेणं घरचंच निवडलेलं, पाणी तेवढंच, खत तेवढंच. करपा होता, पण तो मागच्या सालीही होता. डेंगळे, म्हणजे कांद्याचे फुलाचे दांडे, चांगले कमरेएवढे आले होते, त्यांवरचे फुलांचे गोंडेही भरगच्च. पण गोंडा तळहातावर चोळला की काळंभोर बी पडायला पाहिजे, तिथं यंदा नुसता भुसा पडत होता. फुलं आली आणि तशीच वाळली. बी भरलं ते फक्त ओढ्याकडच्या चार-पाच सऱ्यांमध्ये. तिथल्या निंबाच्या झुडपात फुलोरीचं, म्हणजे लहान मधमाशीचं, हाताच्या पंजाएवढं मोहोळ आहे. तेवढं वाचलं होतं.

बाकीची वाचली नाहीत, म्हणून हे पत्र. पंचायतीत दोन वेळा तोंडी सांगून झालं. "बघू" म्हणाले. आता सगळ्या गावासमोर लिहिते.

आधी त्या दिवसाचं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पारावर एका पुढाऱ्याचा वाढदिवस झाला. केक कापला आणि हजाराची माळ थेट वडाखाली पेटवली. वडावर तेव्हा आग्याची, म्हणजे मोठ्या रानमाशीची, १४ मोहोळं होती. मी दर साली मोजते, म्हणून आकडा माहीत आहे. धूर वर गेला, माशा खाली आल्या. ११ जणांना डंख झाले, दोघांना तालुक्याला न्यावं लागलं. त्यातले एक माझे चुलत दीर. त्यांच्या मानेतले काटे मीच नखानं खरवडून काढले, रात्रभर त्यांच्या उशाशी बसले. तेव्हा "हिला माणसांपेक्षा माशांचा पुळका" असं कुणी म्हणायचं असेल तर आधी त्यांना विचारावं.

आग्या चिडला की आवरत नाही, हे खरं आहे. एकीनं डंख मारला की त्यातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या धावून येतात. पण याच माशा दर साली दिवाळीच्या पुढंमागं येतात, त्याच वडावर बसतात आणि ऊन तापलं की निघून जातात. त्याच झाडाखाली आठवडी बाजार भरतो, काकडा होतो, शाळा सुटल्यावर पोरं सूरपारंब्या खेळतात. माझ्या २१ वर्षांत कुणाला काही झालं नव्हतं. माळ लावली त्या दिवशी झालं.

मग मासिक सभेत ठराव झाला, "धोकादायक मोहोळे नष्ट करणे". तिसऱ्या रात्री डिझेलचे टेंभे बांबूला बांधून १४च्या १४ जाळली. माळ लावणाऱ्यांना काय विचारलं, ते मला कळलेलं नाही. ठरावात तर त्याचा शब्दही नाही. मी नक्कल मागून वाचली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आणायला निघाले तर पारावर पंखांचा थर होता. धान्य उफणल्यावर खळ्यात कोंडा साचतो तसा. मेणाचे काळे तुकडे, त्यांत अर्धवट भाजलेल्या पांढऱ्या अळ्या, त्यांच्यावर मुंग्यांची रांग लागलेली. एक माशी अजून जिवंत होती, पंख जळून गेलेले. ती माझ्या चपलेच्या अंगठ्यावर चढली आणि तिथंच थांबली. मी हंडा खाली ठेवून तशीच उभी राहिले. एवढ्यात कुणीतरी खराटा घेऊन आलं.

आता मजुरी शब्द का लिहिला ते सांगते. लग्नानंतरची सहा वर्षं मी देऊळगाव राजाकडं शेडनेटमध्ये पोलनच्या, म्हणजे हातानं परागकण लावायच्या, कामाला जात होते. आपल्या गावच्या निम्म्या बायका गेलेल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. पण सदस्यांपैकी कुणी हे काम केलं नसणार. संकरित टोमॅटोचं बी करायचं म्हणजे आदल्या दिवशी न उमललेली कळी धरायची आणि चिमट्यानं तिच्यातला नर भाग अलगद काढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या वाणाचे परागकण बोटानं लावायचे. झालेलं फूल ओळखू यावं म्हणून त्याच्या दोन हिरव्या पाकळ्या कातरायच्या. दिवसभर मान खाली. संध्याकाळी भाकरी थापताना बोटं वाकत नसत. एका बाईला दिवसाची हजेरी मिळते ती नुसत्या फुलाला हात लावण्याची.

हेच काम माझ्या कांद्यात माशी करते, आणि हजेरी मागत नाही.

कांद्याचं फूल जरा अडेल असतं. त्याचे परागकण आधी पिकून झडतात आणि मादी भाग नंतर तयार होतो. म्हणजे फुलाला स्वतःचं स्वतः काही करता येत नाही, दुसऱ्या फुलावरून कुणीतरी परागकण आणून द्यावे लागतात. एका गोंड्यात शेकडो फुलं असतात. एका फुलात फार तर ६ बिया धरतात. आणि गोंडा एकदम उमलत नाही, दोन-तीन आठवडे थोडा थोडा उमलतो. त्यात माशीला कांद्याचं फूल फार आवडतं असंही नाही. म्हणून तर आपल्याकडं गुळाचं पाणी फवारून तिला बोलावतात. यंदा मीही गुळाचं पाणी मारलं. मुंगळे आले.

फेब्रुवारीत मग मी आणि धाकटी, सासूबाईंच्या जुन्या मलमलच्या लुगड्याचे तुकडे हाताला गुंडाळून गोंड्यागोंड्यावरून फिरवत होतो. सकाळी नऊ ते बारा, एक दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यात धाकटीची परीक्षा आली आणि माझी पाठ गेली. त्यातून जे झालं ते ५२ किलो.

प्रमाणित बियाण्याच्या नियमात कांद्याच्या दोन वाणांच्या प्लॉटमध्ये किमान ५०० मीटर अंतर ठेवावं लागतं. पायाभूत बियाण्याला १००० मीटर. एवढं अंतर कशासाठी? माशी एका प्लॉटातून उठून दुसऱ्यात जाते आणि बियाण्यात भेसळ होते म्हणून. सरकारच्या कागदाला माशीचं येणंजाणं मीटरमध्ये ठाऊक आहे. आपल्या पंचायतीच्या कागदात ती फक्त धोकादायक.

आता माझं म्हणणं एकेक करून मांडते.

पहिलं म्हणजे, जाळण्याआधी कुणालाही विचारलं नाही. वन विभागाला नाही, कृषी सहायकांना नाही, आम्हा बीजोत्पादकांना तर नाहीच. शिवारात आम्ही १९ घरं कांद्याचं बी धरतो आणि तेव्हा डेंगळे फुटायला लागले होते. आग्याची माशी चांदण्या रात्रीही चरायला जाते आणि लांबचा पल्ला मारते. ती फक्त वडाची नव्हती, सगळ्या शिवाराची होती.

दुसरं. आपल्या पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे. २००२च्या कायद्यानं ती असावीच लागते. लोक जैवविविधता नोंदवहीही आहे, ग्रामसेवकांनी कपाटातून काढून दाखवली. कीटकांच्या रकान्यात "मधमाशी" लिहिलेलं आहे, पुढं "विपुल". समितीची बैठक कधी झाली हे ग्रामसेवकांनाही आठवेना. माझ्या शेजारच्या वहिनी समितीच्या सदस्य आहेत, हे त्यांना माझ्याकडून कळलं. माझी वसुंधरा अभियानात शपथ घेतलेला फोटो मात्र पंचायतीच्या भिंतीवर काचेत आहे.

तिसरं गाऱ्हाणं दुकानदार बंधूंसाठी आहे, आणि त्यात मी स्वतःही दोषी आहे. तीन सालामागं कांद्यावर फुलकिडे आले तेव्हा मी एका दुकानात गेले. पीक कोणत्या अवस्थेत आहे हे मला कुणी विचारलं नाही. बाटली हातात दिली, वर "हे मारा, आणि सोबत हेही टाका". डब्यावरचा त्रिकोण दाखवून "लाल नाही ना, मग भ्यायचं नाही" असं सांगितलं. मी सकाळी साडेनऊला, ऐन फुलोऱ्यात, १५ लिटरचे आठ पंप मारले. दुपारी सरीत माशा उलट्या पडून पाय झाडत होत्या. मी समजले उन्हानं.

तो त्रिकोण माणसासाठी आहे, हे मला पुढं कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणात कळलं. लाल, पिवळा, निळा, हिरवा, हे रंग ठरतात ते औषध पोटात गेलं तर उंदरासारख्या प्राण्याला किती मिलिग्रॅममध्ये मारतं त्यावरून. माशीला ते किती मारतं, याचा त्या रंगाशी काही संबंध नाही. निळ्या त्रिकोणाचं औषधही मोहोळ रिकामं करू शकतं. आणि इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झामसारखी औषधं आंतरप्रवाही असतात. ती रसातून झाडभर जातात, फुलातल्या मधात आणि परागातही उतरतात. आज फवारून उद्या फूल उमललं तरी त्यात ती असतात. या दोन्हींवर आणि क्लोथियानिडिनवर युरोपियन युनियननं २०१८ साली उघड्या शेतात वापरायला बंदी आणली, ती मधमाश्यांसाठीच. आपल्याकडं ती चहापत्तीसारखी मिळतात.

मी बंदी मागत नाही. फुलकिड्यांनी पात पांढरी केली की काय होतं ते मला माहीत आहे, आणि दुकान चालवणाऱ्यालाही पोट आहे. पण २०१७ साली आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करता करता विषबाधेनं २०हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हाही औषधं एकात एक मिसळून मारली जात होती. औषध देताना दोन प्रश्न विचारणं हे माशीच्याच नव्हे, माणसाच्याही उपयोगाचं आहे.

दुकानदारांशी बोलतेच आहे तर हेही सांगते. कपाशीवर मावा दिसला की ढालकिडाही दिसतो. त्याची अळी काळी, काटेरी, दिसायला कुरूप, म्हणून आपण तिलाच आधी मारतो. ती दिवसभर मावा खात असते. जाणत्या लोकांना २००२ आठवत असेल. सांगलीकडं उसावर लोकरी मावा आला आणि पुढं पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. औषधं मारून लोक थकले. शेवटी तो आटोक्यात आला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींमुळं. शेतकरी त्या असलेली उसाची पानं तोडून एकमेकांच्या शेतात नेऊन बांधत होते. असं काही आपल्या दुकानाच्या फळीवर नसतं, कारण त्याला एमआरपी नाही.

चौथं छोटं आहे. रस्त्याच्या कडेला आणि ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या, जमिनीवर दिवाळीनंतर तणनाशक मारलं जातं, "स्वच्छता" म्हणून. मग उरलेलं पेटवतात. त्यात एकदांडी, तरोटा, रानतुळस सगळं जातं. डेंगळे फुलायच्या आधीचे दोन महिने माश्या या असल्याच फुलांवर काढतात. वाळक्या लाकडात काळा भुंगा भोक पाडून राहतो. वांग्याच्या फुलाला मधमाशीचा फारसा उपयोग नसतो. हा भुंगा फूल धरून घुमतो, त्या थरथरीनं परागकण झडतात. बांधाच्या मोकळ्या मातीत एकेकट्या माश्यांची बिळं असतात. बांध तासून चकचकीत केला की ते घरही गेलं. आणि वांगी धरत नाहीत म्हणून आपण पुन्हा टॉनिक आणायला दुकानात.

मागण्या सांगते. एकही पैशाची मोठी नाही.

मोहोळ जाळायचं नाही. माणसाला धोका आहे असं वाटलं तर आधी तिथं दोरी बांधा, पाटी लावा, झाडाखाली फटाके, धूर आणि डीजे बंद करा. तरीही हलवायचं ठरलं तर प्रशिक्षित माणूस बोलवा. वर्ध्याकडं पोशाख घालून आग्याचा मध काढणारे लोक आहेत. मोहोळाच्या मधाच्या भागाला जाणते लोक कांदाच म्हणतात. ते तेवढा कांदा कापून घेतात, अळ्यांचा भाग झाडावर राहू देतात, आणि मोहोळ जगतं. त्यांचा नंबर मी पंचायतीत देऊन ठेवला आहे. आपल्याकडच्या दोन तरुणांना त्यांच्याकडं शिकायला पाठवा, भाडं आम्ही बीजोत्पादक काढू.

जानेवारी-फेब्रुवारीत, कांदा फुलात असताना, शिवारात दिवसा कीटकनाशक मारायचं नाही. मारायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर, आणि आदल्या दिवशी पंचायतीच्या भोंग्यावरून सांगून. नळाला पाणी कधी येणार हे भोंग्यावर सांगता, त्यालाच हे जोडा. म्हणजे ज्याच्या पेट्या आहेत तो त्या झाकेल किंवा हलवेल. गावात आज पेट्या आहेत त्या एकाच घरी, सहा. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव झालं. आपण तेवढं होऊ असं माझं म्हणणं नाही. पण खादी व ग्रामोद्योग मंडळाकडं पेट्यांसाठी अर्ज तरी करावा, ठराव मी लिहून देते.

दुकानदारांनी औषध देताना "पीक फुलात आहे का?" एवढं विचारावं आणि उत्तर बिलावर लिहावं. पक्कं बिल द्यावं, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते.

ई-क्लासच्या जमिनीवर तणनाशक बंद. झाडं लावायचीच आहेत तर गुलमोहराऐवजी बोर, करंज, बाभूळ, हिवर लावा. यांना पाणी कमी लागतं आणि माश्यांना चारा मिळतो.

आणि जैवविविधता समितीची बैठक घ्या. तो जानेवारीचा ठराव तिच्यासमोर ठेवून मागं घ्या.

सरपंचताई, आता फक्त तुमच्याशी. तुम्हीही माझ्यासोबत दोन हंगाम शेडनेटमध्ये होतात. दुपारच्या सुट्टीत एका डब्यातली भाजी आपण खाल्ली आहे. त्या सभेच्या इतिवृत्तावर सही तुमची आहे, पण बोलणारे बाकीचे होते, हे गावाला माहीत आहे. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय तुम्ही स्वतः वाचावा, भाऊंनी नाही. मी आणि बाकीच्या १८ घरांतल्या बायका येणार आहोत. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची वेळ येऊ देणार नाही.

एक तातडीचं. गेल्या मंगळवारपासून जुन्या पाण्याच्या टाकीच्या खालच्या अंगाला आग्याचं एक लहान मोहोळ बसलं आहे, सुपाएवढं. टाकीच्या त्या बाजूला नळ नाही, कुणी जात नाही, आणि पंधरा-वीस दिवसांत ऊन वाढलं की ते आपोआप उठेल. त्याबद्दल कुणाचा तक्रार अर्ज आला तर टेंभा बांधायच्या आधी मला एक फोन करा. रात्रीबेरात्री केला तरी चालेल.

आपली,
वॉर्ड क्र. ३ मधली एक बीजोत्पादक